चार चाकं आणि एक जुनं बनियन

गुंजीत गाडीची चाकं चकचकीत ठेवायचे दोनच मार्ग आहेत: आहेत ती घासा, नाहीतर नवी आणा. पाऊस संपायची वाट बघा हा तिसरा मार्ग खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला राहणाऱ्या माणसासाठी निसर्गानंच बंद करून ठेवलाय. प्रश्न उभा राहतो तो साधारण गणपतीच्या आधी. गोव्यात नोकरीला असलेला मुलगा सेकंडहँड गाडी घेतो आणि सणाला गावी आणतो. गाडीला कंपनीची मॅगव्हील असतात; त्यांची चकाकी मात्र मूळ मालकाकडेच राहिलेली असते. गाडी घरासमोर लागली की पहिला अभिप्राय इंजिनावर येत नाही, ॲव्हरेजवर येत नाही, चाकांवर येतो. ‘गाडी बरी हाय गा, पण चाकं तेवढी बदलून टाक की!’ हा सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नसल्यामुळे आपल्याकडे तो मुबलक मिळतो. माझं म्हणणं त्याच्या उलट आहे. कुठल्याही चकाकीला तिच्या आयुष्याच्या मानानं किंमत मोजावी, आणि गुंजीतल्या चकाकीचं आयुष्य बघता तिच्यापायी पैसा घालवू नये, मनगट झिजवावं. मनगट रात्रीत भरून येतं. पैशाचं तसं नाही.

हे आयुष्य इतकं कमी का, हे कळायला आधी चाकाचं कूळ बघितलं पाहिजे. मॅगव्हील म्हणजे बहुतांशी ॲल्युमिनियम, त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. ॲल्युमिनियम निघतं बॉक्साइटमधून, आणि बॉक्साइट शोधायला परदेशी जायला नको. चंदगड-राधानगरीकडच्या सह्याद्रीच्या माथ्यांवर ते आहे, आणि बेळगावला हिंडाल्कोच्या, म्हणजे पूर्वीच्या इंडालच्या, कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात. बॉक्साइट तयार करण्याचं काम मुळात पावसानं केलेलं आहे. लाखो वर्षं खडक धुतला गेला, विरघळण्यासारखं सगळं वाहून गेलं, आणि मागे लोखंडाची नि ॲल्युमिनियमची संयुगं उरली. लोखंडाचा वाटा मोठा राहिला तिथं जांभा झाला, ॲल्युमिनियमचा मोठा राहिला तिथं बॉक्साइट. म्हणजे गुंजीच्या अंगणातली तांबडी माती आणि गाडीचं चाक हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. एक गावी शेती बघत राहिला, दुसरा कारखान्यात जाऊन साहेब होऊन आला. पावसाळ्यात पहिल्याच डबक्यात दोघांची गाठ पडते, आणि गावचा भाऊ साहेबाला जी मिठी मारतो ती प्रेशरच्या पाण्याशिवाय सुटत नाही.

साहेबालाही मनातून गावची ओढ असतेच. ॲल्युमिनियम उघडं पडलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन लगेच अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. हा पापुद्रा काही नॅनोमीटरच जाडीचा असतो, आणि त्याचे उपकारही मोठे आहेत, कारण त्याच्यामुळेच हा धातू लोखंडासारखा सडून गळत नाही. पण सततचा ओलावा आणि चिखल यांत तो थर जाडाभरडा होत जातो, चाक पांढुरकं दिसायला लागतं, आणि गाडी गोव्याच्या किनाऱ्याला नांदलेली असेल तर खाऱ्या हवेनं बारीक खळगेही पडतात. भरीला ब्रेकची धूळ आहे. अनमोडचा घाट उतरताना ब्रेकचे पॅड आणि लोखंडी डिस्क झिजतात, त्यांची तापलेली कणी पुढच्या चाकांवर उडते, तिथंच रुतते आणि दमट हवेत गंजून तांबूस ठिपके देते. उरलेलं काम रस्ता करतो. बेळगावहून खानापूर, लोंढा, अनमोड करत गोव्याला उतरणारा महामार्ग आधी ४ अ होता, आता ७४८ आहे. रस्त्याचा नंबर बदलला म्हणून खड्ड्यांनी पत्ता बदललेला नाही. एवढ्या सगळ्यांनी मिळून ठरवल्यावर चाकाची चकाकी उन्हाळ्यात काही आठवडे टिकते, आणि आषाढात ती किलोमीटरमध्ये मोजावी लागते.

आता बाजारभाव बघू. पंधरा इंची नव्या मॅगव्हीलच्या चार नगांना वीस-पंचवीस हजारांपासून पुढं कितीही पडतात. कितीही हा शब्द दुकानदार उच्चारत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर असतो. जुनी चाकं ‘बदलीत’ देऊन पैसे कमी होतील ही आशा दुकानात शिरेपर्यंतच टिकते. घासायचं म्हटलं तर पेंट रिमूव्हरचा डबा, वेगवेगळ्या नंबरचे वॉटर पेपर, मेटल पॉलिश आणि मेणाची डबी मिळून हजाराच्या आसपास भागतं. शिवाय एक खर्च बिलात येत नाही. बॉक्साइटपासून आलेल्या ॲल्युमिनापासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला साधारण १४ युनिट वीज लागते. भंगार वितळवून काम भागवलं तर त्याच्या विसाव्या हिश्श्यात होतं, पण भंगारात लोखंडाचा अंश वाढतो आणि त्यानं ओतीव चाक ठिसूळ होतं, म्हणून चाकांसाठी बहुधा कोराच धातू वापरतात. एक चाक आठ किलोचं धरलं तर चार चाकांना साडेचारशे युनिट झाली. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घराला महिन्याला जास्तीत जास्त २०० युनिट वीज फुकट मिळते. म्हणजे शेजाऱ्यानं मान वळवून बघावं एवढ्यासाठी दोन महिन्यांहून अधिक काळाची गृहज्योती रस्त्यावरून फिरवायची. मिक्सरचं बटण चालू राहिलं म्हणून घरात आरडाओरडा करणाऱ्या माणसाला तरी हे शोभत नाही.

घासणं म्हणजे काय, हे मात्र नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर सल्ला देणाऱ्यांच्या यादीत आणखी एकाची भर पडायची. चाक उतरवून आधी साबणाच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवायचं. मग बघायचं की कंपनीनं मारलेला पारदर्शक लॅकर धड आहे का. तो धड असेल तर घासायचं कामच नाही. मळ काढा, मेण लावा आणि बाकीचा दिवस सत्कारणी लावा. लॅकर पिवळा पडून सुटत असेल आणि त्याच्याखाली गांडुळाच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा पळत असतील, तर ओल आत शिरलेली आहे. मग हातमोजे घालून रिमूव्हरनं सगळा लॅकर काढायचा. त्यानंतर ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायला सुरुवात, मग ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, आधीच्या कागदाचे ओरखडे पुसले गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. माणसाचा स्वभाव इथं उघडा पडतो. ६०० वरून एकदम १५०० वर उडी मारणारा जो असतो, त्याच्या चाकात सूर्य दिसतो खरा, पण गजाआडून. शेवटी जुन्या बनियनच्या तुकड्यावर पॉलिश घेऊन गोल गोल चोळायचं. फडकं क्षणात काळं ठिक्कर पडतं. तो मळ आहे असं समजून माणूस हरखतो आणि आणखी जोरात चोळतो, पण तो काळा रंग ॲल्युमिनियमच्या भुकटीचाच असतो. नव्या कोऱ्या, स्वच्छ चाकावरही फडकं तितकंच काळं होईल. फडकं पांढरं राहीपर्यंत घासायचं ठरवलं तर शेवटी फडकं उरेल, चाक उरणार नाही.

घरगुती अक्कल इथं फार चालवू नये. चिंच-मीठ तांब्या-पितळेची पुटं विरघळवतं, ॲल्युमिनियमचा ऑक्साइड त्याला जुमानत नाही. संडासाचं ॲसिड ओतलं तर चाकाला डाग पडतील आणि नटबोल्ट आयुष्यभर लक्षात ठेवतील. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट, कारण बॉक्साइटमधून ॲल्युमिना विरघळवून काढायला कारखान्यात तोच वापरतात. अंगणात बादलीभर सोडा घेऊन बसणं म्हणजे स्वतःच्याच चाकावर कारखाना उघडणं. उपाय काट्यानं काटा काढण्याचा आहे. मेटल पॉलिशमध्ये बऱ्याचदा ॲल्युमिनाचेच अतिबारीक कण असतात. बटाट्याच्या सालीपेक्षा पातळ ऑक्साइड त्याच ऑक्साइडनं खरवडायचा, म्हणजे घरचं भांडण घरातच मिटतं. आणि दोन जागा कागदानं कधीही घासायच्या नाहीत: नट जिथं बसतात त्या खाचा आणि चाक हबला टेकतं तो पाठीचा भाग. तिथली चकाकी कुणाला दिसत नाही, पण तिथला धातू कमी झाला तर चाक सुटलेलं सगळ्यांना दिसतं.

पहिला आक्षेप वेळेचा. ‘एका चाकाला एक दिवस, चार चाकांना चार दिवस! आमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?’ आहे ना, लावू की. २०२५-२६ साली कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये होती. चार दिवसांचे १४८० झाले, त्यात सामानाचे हजार मिळवा. अडीच हजारांत खेळ आटोपला, नव्या चाकांच्या एक दशांशात. यावर कुणी म्हणेल की आमच्या वेळेचा दर रोजगार हमीपेक्षा जास्त आहे. असेल. पण ज्याच्या वेळेला दिवसाला सहा हजार रुपये मिळतात, त्याला हा प्रश्नच पडत नाही. त्याची चाकं ड्रायव्हर धुतो. बाकीच्यांच्या वेळेची खरी किंमत श्रावणात दुपारी तीन वाजता पारावर जाऊन बघावी. लावणी उरकलेली असते, गणपती यायचे असतात, आणि वेळेची इतकी मंदी चाललेली असते की लोक ती एकमेकांना फुकट वाटत असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लॅकर काढला म्हणजे चाक उघडं पडलं, आणि उघडं चाक काही आठवड्यांत पुन्हा मळकटणार, म्हणजे घासणं कायमचं गळ्यात पडणार. हे खरं आहे, आणि पॉलिशची जाहिरात करणारे ते सांगत नाहीत. दर महिन्याला बनियन हातात घ्यावं लागेल. मेण लावून तो काळ थोडा लांबवता येतो, टाळता येत नाही. पण नव्या चाकांनी हा प्रश्न सुटतो कुठं? त्यांच्यावरही तसलाच लॅकर असतो, त्याच्यावरही याच रस्त्यावरची खडी उडते, एक टवका निघतो, त्यातून पाणी शिरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याच पांढऱ्या रेघा नव्या चाकावर पळायला लागतात. तेव्हा मालक जिथं घासणारा आज उभा आहे तिथंच येऊन उभा राहतो, फक्त वीस-पंचवीस हजार रुपये हलका होऊन. नव्या चाकानं घासणं टळत नाही, पुढं ढकललं जातं, आणि पुढं ढकलण्याचं इतकं व्याज तर सावकारही घेत नाही. हाताला कंटाळा असेल तर बेळगावात मशीनवर बफ मारून मिळतं. काम झटपट होतं, कडा जरा गोल होतात, आणि तरीही नव्या चाकांपेक्षा स्वस्तच पडतं.

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा: घासून चाक चकचकीत होईल, पण मोठं कुठं होईल? पंधरा इंची चाक काढून सतरा इंची बसवलं की गाडी भारी दिसते, हे मान्य. पण गाडीच्या कमानीतली जागा तेवढीच असते, त्यामुळे चाक वाढलं की टायरचं रबर कमी करावं लागतं. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरची भिंत १२० मिलिमीटर उंच असते. त्याच्या जागी २०५/४५ आर १७ घातला तर ती ९२ वर येते. बाहेरचा घेर जवळपास तेवढाच, पण खड्डा आणि चाक यांच्यामधली २८ मिलिमीटरची रबराची मध्यस्थी संपली. १९२४ मध्ये बुगाटीनं आपल्या टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं दिली ती वजन कमी व्हावं म्हणून. आपण रुंद, मोठी चाकं लावून वजन वाढवतो आणि गाडी शर्यतीची दिसते म्हणून खूश होतो. त्यातून चाकाचा ऑफसेट चुकीचा निघाला तर बेअरिंगवर भलता ताण येतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. कंपनीचं चाक दिसायला बापुडवाणं असेल, पण ते त्या गाडीच्या वजनाचा, ब्रेकचा आणि सस्पेन्शनचा विचार करून बनवलेलं असतं. दुकानातलं चाक फार तर गिऱ्हाईकाचा विचार करून बनवलेलं असतं.

चौथ्या आक्षेपापुढं मात्र मान तुकवावी लागते. चाकाला तडा गेला असेल, कड वाकली असेल, हवा राहत नसेल, तर घासणं हा वेडेपणा आहे. लोखंडी रिम वाकली तर हातोड्यानं सरळ होते. ओतीव ॲल्युमिनियम वाकण्यापेक्षा फुटणं पसंत करतं. गॅरेजात आर्गन वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात, आणि वेल्डिंग दिसायला झकासही होतं. पण या चाकाची ताकद कारखान्यात ठरावीक तापमानाला भाजून-विझवून आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याच्या आसपासची ती ताकद निघून जाते, आणि पुढचा तडा बरोबर तिथंच शेजारी जातो. असं चाक बदलायचं. पण चाक बदलायचं म्हणजे एक बदलायचं, त्याच मापाचं, कंपनीचं किंवा आयएसआय छापाचं. ‘आता एक घेतोयच तर चारही घेऊन टाकू’ हे वाक्य फक्त कांदाभजीच्या बाबतीत चालतं. घासण्याचा खरा हिशेबी फायदाही इथंच आहे. चाक हातात घेऊन, आतल्या बाजूनं, बोटांच्या टोकांनी फिरवून बघितल्याशिवाय केसासारखा तडा सापडत नाही, आणि इतकी जवळीक साधायला घासण्याशिवाय दुसरं निमित्त कोण शोधणार? नवं चाक विकत घेणारा ते फक्त लांबून बघतो, तेही ऊन पडलेलं असेल तेव्हा.

शेवटचा आक्षेप घरातून येतो, आणि तो सगळ्यात अवघड आहे. ज्यानं घरातलं जर्मनचं पातेलं जन्मात कधी घासलं नाही, तो त्याच धातूचं चाक दिवसभर घासत बसलेला बघून घरातलं बाईमाणूस विचारतं, ‘चाक मळलं म्हणून फिरायचं थांबलंय होय?’ थांबलेलं नाही. चिखलानं माखलेलं चाक चकचकीत चाकाइतकंच फिरतं, पेट्रोल तेवढंच पितं, आणि हिशेबानं बघितलं तर न घासणं हे घासण्यापेक्षाही स्वस्त आहे. माझ्याच तत्त्वानं मला इथं कोंडीत पकडता येतं: ज्या चकाकीचं आयुष्य एवढं कमी, तिच्यासाठी मनगट तरी का झिजवा? उत्तर असं की चाक मळकं चालतं, पण मळ चढलेला राहू देणं चालत नाही. सुटत्या लॅकरखाली ओल कोंडून राहिली तर खळगे खोल जातात, आणि टायरची कड जिथं रिमला बसते तिथं गंज पोचला की हवा झिरपायला लागते. म्हणजे वर्षातून एकदा खोल साफसफाई ही चैन नाही, देखभाल आहे, आणि ती करतोच आहोत तर खंडेनवमीला गाडीला हार घालायच्या आधी करावी, एवढीच त्यात हौस.

तेव्हा निवाडा असा. आधी तडा बघा; असेल तर ते एक चाक बदला. लॅकर धड असेल तर धुवा आणि मेण लावा. सुटला असेल तर घासा, पण चारही चाकं एकदम घ्यायची घाई करू नका. गाडी घरासमोर लावली की एका वेळी दोनच चाकं लोकांना दिसतात. रस्त्याच्या बाजूची दोन गणपतीच्या आत उरका, भिंतीकडची दोन दसऱ्यापर्यंत थांबतील. आणि एवढं सगळं आटोपल्यावर डिकी उघडून स्टेपनीची हवा तपासा. बऱ्याच गाड्यांत ती काळी, लोखंडी असते, तिला कुणी कधी घासत नाही, कुणी तिचं कौतुक करत नाही, आणि खानापूर-लोंढा रस्त्यावर रात्री नऊ वाजता पावसात घरी आणून सोडते ती तीच.